मिठाच्या राशीचा शेवटचा कण

गुणाजी म्हात्रे नूतनच्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्यांदा शिरला, तेव्हा रामवाडीतली कुत्री शेपटी पायात घालून हायवेपलीकडे गेली, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा उतरला आणि क्लासातल्या तीनपैकी दोन कॉम्प्युटरांनी आपणहून डोळे मिटले. वीज गेली असेल, असं काही संशयी लोक म्हणतात. नूतनला ते कधीच पटलं नाही. वीज गेली असती तर पंखा थांबला असता. पंखा उलटा फिरायला लागला होता.

आधी दारातून मिशा आल्या. मग पोट आलं, मग काखेतला डफ आला आणि सगळ्यात शेवटी, या सगळ्यांचा मालक असल्यासारखा, गुणाजी आला. आवाज मात्र या सगळ्यांच्या पुढं होता. तो बहुधा गडबहून एसटी सुटली तेव्हाच पेणला पोचला असावा. गुणाजीनं चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, तिन्ही कॉम्प्युटरांना एकेक नमस्कार केला आणि टायपिंग शिकणाऱ्या पोरींच्या मापाच्या खुर्चीत बसला. खुर्चीनं जे काही म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

"बाय गो," तो म्हणाला, "हतं तत्त्वज्ञान मिलतं का?"

नूतनकडं लोक बरंच काही मागायला यायचे. क्लासाला लागूनच तिचा एसटीडी बूथ होता, झेरॉक्सचं मशीन होतं, लग्नपत्रिका करून मिळत. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि तिनं नुकतंच इंटरनेट घेतलं होतं. ते तिच्याशिवाय कुणी वापरत नव्हतं, म्हणून ती ते रोज फडक्यानं पुसायची. तत्त्वज्ञान मात्र आजवर कुणी मागितलं नव्हतं. तिनं जरा अंदाज घेत विचारलं, की कोणतं हवंय. गुणाजी म्हणाला, जास्त नको, एका मिठाच्या राशीपुरतं पुरे.

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकायला पोरींनी टायपिंग थांबवलं, झेरॉक्सचं गिऱ्हाईक स्टूल ओढून बसलं आणि बूथमध्ये फोनवर सुनेची गाऱ्हाणी सांगणाऱ्या बाईनं "थांब गो, मागून करते" म्हणून फोन ठेवला.

गुणाजी गडबचा. बापजाद्यांचं काम मिठागरावरचं. खाडीचं पाणी कोंडीत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून त्याची रास लावायची. गुणाजी स्वतः मात्र रोह्याजवळच्या धाटावला एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. मिठागर त्याची बायको गिरजाबाई बघायची आणि गुणाजी तिला कसं बघायचं ते सांगायचा. बॉयलरवर प्रेशर चढत नसलं की तो त्याला लावणी ऐकवायचा आणि प्रेशर चढायचं, अशी कंपनीत समजूत होती. सेफ्टी ऑफिसरचीही होती. फक्त त्याला ती लिहून द्यायची नव्हती.

पण नोकरी हा गुणाजीचा जोडधंदा. खरा गुणाजी म्हणजे शक्तीवाल्यांचा शाहीर. शक्ती-तुऱ्याची बारी लागली, की एका बाजूला शक्तीवाले, एका बाजूला तुरेवाले, मधोमध चाळ बांधून नाचणारी पोरं. एका शाहिरानं गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. नुसता जवाब चालत नाही, आधार लागतो. कोणत्या ग्रंथात, कुठल्या अध्यायात, ते सांगायचं आणि पंच म्हणाले तर ग्रंथ वर धरून सभेला दाखवायचा. मारुतीच्या मावशीचं नाव काय, द्रौपदीच्या थाळीचं वजन किती, असल्या सवालांचा गुणाजीकडं डोंगर होता आणि त्याहून मोठा डोंगर आधारांचा होता. त्यातले काही खरेही होते.

गेल्या दसऱ्याला रोह्याशेजारच्या वरसे गावात बारी झाली. समोर तुरेवाला हैबतराव, भातशेती करणारा, किडकिडीत, आवाज बासरीसारखा आणि डोक्यात मुंग्यांचं वारूळ. त्यानं डफावर थाप मारली आणि सवाल टाकला:

मिठाच्या राशीचा कण काढला, राशीला पडली ना खोट
दुसरा काढला, तिसरा काढला, तरी तेवढंच तिचं पोट
कोण्या कणाला रास सरली, मिठवाल्या, दाव ठेवून बोट

सभा खदखदून हसली. ज्याचा जन्म मिठात गेला, त्याला भातवाल्यानं मिठाचाच सवाल घालावा, म्हणजे कोळ्याला घरात घुसून मासा कसा खायचा ते शिकवणं. गुणाजीनं उत्तरादाखल पुष्कळ गायलं. रामायण गायलं, महाभारत गायलं, हैबतरावाच्या चुलत्यानं विकलेल्या म्हशीबद्दल गायलं. राशीबद्दल मात्र एक कडवं आलं नाही. पंचांनी निकाल दिला: चैत्राच्या जत्रेत पुन्हा बारी. तेव्हा आधारासकट जवाब आला नाही, तर गुणाजीनं डफ देवळात ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा नाही.

हे सांगताना गुणाजीनं डफ काखेतून मांडीवर घेतला. त्याच्या वस्तादाचा डफ. वस्ताद गेला तेव्हा त्याच्या पोरांनी घर वाटून घेतलं, गुणाजीला डफ दिला आणि गुणाजीला वाटलं, पोरं फसली. आता तो नूतनकडं बघत होता आणि इतका मोठा माणूस खुर्चीत एकदम मापात बसल्यासारखा दिसत होता.

पेणमधल्या सगळ्या जाणत्या माणसांना विचारून झालं होतं. गुरुजींच्या पोथीत मीठ नव्हतं. हायस्कुलातल्या मास्तरांनी मिठाचं रासायनिक सूत्र सांगितलं. ते गाण्यात बसेना. गिरजाबाईला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "रास सरते कवा? व्यापाऱ्याचा ट्रक येतो तवा." जवाब गुणाजीलाही पटला होता. पण ट्रकाला आधार कुठल्या पुराणात शोधायचा?

शेवटी कंपनीतल्या केमिस्टनं सांगितलं, की परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठानं जगातलं सगळं तत्त्वज्ञान एका वेबसाइटवर आणून ओतलंय आणि पेणला एका म्याडमकडं ते दिसतं. रोह्यात विचारायची सोय नव्हती. वरसं रोह्याला लागूनच; सकाळी विचारलं की दुपारच्या जेवणाला हैबतरावाच्या पानात बातमी वाढलेली.

नूतननं कॉलेजात एक वर्ष तत्त्वज्ञान घेतलं होतं, तेही टाइमटेबल सोयीचं होतं म्हणून. पण तिला खोड होती. कुणी अशक्य काम घेऊन आलं, की तिला आधी हसू यायचं आणि मग हात शिवशिवायचे. तिनं फोनची वायर मोडेमला जोडली. मोडेमनं घसा खाकरला, किंचाळला, गुरगुरला. गुणाजीनं मान डोलावली. त्याचा समज झाला, की वेबसाइट सूर लावतेय.

वेबसाइट आली. एकेक ओळ करत, वरून खाली, पडदा सोडल्यासारखी. पानावर शोधायला एक चौकोन होता. नूतन म्हणाली, काका, थोडक्यात सांगा, इथं लिहिते. गुणाजी उभा राहिला. थोडक्यात हा प्रकार त्याच्या घराण्यात नव्हता. बारीत सवाल टाकण्याआधी गण गायचा असतो. गणाशिवाय सवाल म्हणजे आंघोळीशिवाय पूजा. त्यानं डोळे मिटून गण सांगितला:

गजानना, सभेला यावं, कंठात माझ्या बसावं
गडबच्या गुणाजीचं कोडं वेबसाइटनं सोडवावं

त्याखाली वस्तादाचं नाव, वस्तादाच्या वस्तादाचं नाव, मग सवाल आणि शेवटी हैबतरावाबद्दल एक वाक्य, जे नूतननं टायपिंग शिकणाऱ्या पोरींकडं पाहून गाळलं. चौकोनात मावलं तेवढं तिनं इंग्रजी अक्षरांत घातलं आणि बटण दाबलं. बराच वेळ काही झालं नाही. मग उत्तर आलं, की या शब्दांशी जुळणारं काहीही सापडलं नाही.

गुणाजीला वाईट वाटलं नाही. तो म्हणाला, पहिल्या फेरीत कुणीच सांगत नाय, भाव खातात.

दुसऱ्या फेरीला नूतननं आपल्या मनानं इंग्रजीत फक्त 'मीठ' टाकलं आणि पानांचा लोंढा आला. गुणाजी छाती फुगवून बसला. जगातल्या तत्त्वज्ञांना एवढं मीठ लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं. नूतन एकेक पान उघडून वाचू लागली. सगळीकडं एकच प्रकार. एका पंडितानं दुसऱ्याबद्दल लिहिलेलं, की याचं म्हणणं चिमूटभर मीठ लावून घ्यावं. म्हणजे फारसं खरं मानू नये, अशी इंग्रजांची बोलायची रीत. गुणाजीला तिनं ते समजावलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, "सगले एकमेकांना मीठ लावतात आनि पिकवीत कोन नाय."

तिसऱ्या खेपेला 'रास' शोधली. राशीही ढिगानं निघाल्या, पण त्या आक्षेपांच्या, चुकांच्या, शंकांच्या. मिठाची एकही नाही. मध्येच बूथमधल्या बाईला पुन्हा सून आठवली आणि तिनं फोन उचलला. फोनची लाइन एकच, त्यामुळं जगाचं तत्त्वज्ञान जागच्या जागी मेलं. गुणाजीनं बाईकडं पाहिलं. बाईनं गुणाजीकडं पाहिलं. गुणाजीनं नजर खाली घेतली. सून नावाच्या विषयाला त्याच्याकडंही आधार नव्हता.

असं महिनाभर चाललं. गुणाजीची सुट्टी असली की रामवाडीची कुत्री पलीकडे जायची आणि क्लास भरायचा. येताना तो पावट्याच्या शेंगा आणायचा, एकदा सुके बोंबील आणले, त्या दिवशी क्लासाला पोरी आल्या नाहीत. वेबसाइटशी त्याची ओळख वाढली. तिला तो 'सायब' म्हणू लागला. सायब आज सुस्त हाय, सायबाचं पोट भरलं नसंल, असं तिच्या वेगावरून सांगायचा. नूतन अक्षरांच्या यादीतून जायची. ती यादी इतकी लांब, की 'ए' पासून निघून 'के' पर्यंत येईस्तो मोडेम तापायचा. ती मनातल्या मनात स्वतःवर चिडायची, की दुसऱ्याच्या बारीसाठी आपण डोळे का फोडतोय. आणि सुट्टीच्या दिवशी गुणाजीला उशीर झाला की दारात जाऊन एसटी बघायची.

सापडलं ते असं. 'कोडी आणि विसंगती' अशा नावाच्या एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी पानांची नावं होती. त्यातलं एक तोंडात न मावणारं ग्रीक नाव होतं. नूतननं ते केवळ उच्चारता येत नव्हतं म्हणून उघडलं. पहिल्याच ओळीत धान्याचा एक दाणा आणि दाण्यांची रास.

तिनं हाक मारली नाही. नुसती मागं सरकली आणि बोट ठेवलं. गुणाजीला इंग्रजी येत नव्हतं, पण नूतनचा चेहरा वाचता येत होता. तो खुर्चीतून उठला, हात जोडून उभा राहिला.

आनंद फार टिकला नाही. कोडं दोन हजार वर्षांहून जुनं निघालं. कुणा ग्रीक माणसानं ते धान्याच्या दाण्यांवर घातलं होतं. गुणाजीला प्रथम राग आला तो हैबतरावाचा. दुसऱ्याच्या खळ्यावरचं धान्य उचलून त्याचं मीठ केलं आणि वर मिठवाल्यालाच विकलं. मग नूतननं डिक्शनरी मांडीवर घेऊन पुढं वाचून दाखवलं. एक पंडित म्हणतो, रास असं काही नसतंच, तुम्हाला भास होतो. दुसरा म्हणतो, रास संपवणारा एक नेमका कण असतो, पण तो कुठला हे माणसाला कधीच कळणार नाही. तिसरा म्हणतो, रास हळूहळू कमी कमी रास होत जाते. चौथा म्हणतो, विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. प्रत्येकानं आधीच्याला मीठ लावलेलं. आणि शेवटच्या पानावर शेवटची ओळ: हा प्रश्न आजही अनिर्णित आहे, आपल्याला काय वाटतं?

गुणाजीनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"म्हंजे दोन हजार वर्षं बारी चालू हाय," तो म्हणाला, "आनि कुनी डफ ठेवला नाय?"

नूतन म्हणाली, त्यांच्यात तशी पद्धत नसते.

पण गुणाजीचं लक्ष आता दुसरीकडं गेलं होतं. 'आपल्याला काय वाटतं' ही ओळ त्याच्या कानात घुमत होती. गेलं आयुष्य त्यानं बारीत काढलं होतं आणि बारीत शेवटच्या ओळीत जो सवाल येतो तो समोरच्या शाहिराला असतो. समोर तो एकटाच बसला होता. म्हणजे सवाल त्यालाच. म्हणजे सायब तुरेवाला निघाला. एवढे दिवस ज्याच्यासाठी शेंगा आणल्या तो हैबतरावाच्या पंगतीतला.

नूतननं समजवायचा प्रयत्न केला, की ती सगळ्यांनाच उद्देशून घातलेली ओळ आहे. गुणाजी म्हणाला, सभा सगल्यांची असते, सवाल एकाचाच असतो. आणि आलेला सवाल घेऊन, जवाब न देता उठणं शक्तीवाल्यांना मंजूर नाही. पानाच्या खाली संपादकांचा ईमेल पत्ता होता. गुणाजीनं डफावर बोटं वाजवत तिथल्या तिथं जवाब बांधला:

दोन हजार वर्सं डफ बडवला, निकाल लागला नाय
सायबा, तुझ्या राशीत मीठच नाय, चव कुठशी येनार हाय

नूतननं खरं तर इथं थांबायला हवं होतं. शहाण्या बाईनं थांबवलंच असतं. पण तिचे हात शिवशिवत होते. तिनं दोन्ही ओळी इंग्रजीत उतरवल्या, खाली 'शाहीर गुणाजी, शक्तीवाले, मुक्काम गडब' असं लिहिलं आणि धाडून दिलं.

पुढच्या सुट्टीला गुणाजी इस्त्रीचा सदरा घालून आला. उत्तर आलेलं होतं. खरं म्हणजे ते पाठवल्या क्षणीच आलं होतं, कारण ते मशीननं दिलेलं होतं: आपला संदेश मिळाला, आभारी आहोत, रोज फार संदेश येत असल्यानं प्रत्येकाला उत्तर देणं जमेलच असं नाही.

"काय म्हनतो?" गुणाजीनं विचारलं.

"उत्तर देणं जमेलच असं नाही, म्हणतो."

गुणाजीनं कॉम्प्युटरला हात जोडले. मग त्यानं सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. बारीत ज्यानं 'जमत नाही' म्हटलं तो हरला. यावर कुठल्याच पंचाचं दुमत नसतं. नूतननं प्रामाणिकपणे सांगितलं, की हे माणसानं लिहिलेलं नाही, मशीन सगळ्यांना हेच पाठवतं. गुणाजीला त्यात आणखीच गोडी वाटली. त्याच्या मते याचा अर्थ इतकाच होता, की सायब सगळ्यांशीच हरतो, पण लेखी फक्त विचारणाऱ्याला देतो. संध्याकाळपर्यंत पेणच्या एसटी स्टँडवर, रात्रपाळीच्या बसमध्ये आणि धाटावच्या बॉयलरपाशी एकच बातमी होती. गडबच्या गुणाजीनं परदेशातलं विद्यापीठ बारीत पाडलं होतं.

राहता राहिला हैबतराव. गुणाजीनं चारांतला दुसरा जवाब निवडला: कण आहे, पण कुणाला दिसत नाही. त्यात त्याला देव दिसला. नूतननं सगळी पानं प्रिंटरवर काढली. प्रिंटर करकरत राहिला आणि बाजूला भोकं असलेला कागद घडी घडी होत जमिनीवर उतरत गेला. शेवटचं पान निघालं तेव्हा तिनं त्याच्यावर हात ठेवला. तिला वरश्याचे पंच आठवले. तिनं सुचवलं, की काका, हे एवढं शेवटचं पान फाडून ठेवू या. वरची पानं पुरेशी आहेत. नाही तरी इंग्रजी कोण वाचणार?

गुणाजी दुखावला. "ग्रंथाचं पान फाडत नसतात, बाय," तो म्हणाला. नूतनला हे सांगायचं होतं, की मारुतीच्या मावशीसाठी त्यानं अख्खे ग्रंथ रचले होते. पण त्यानं घडी इतक्या हळुवारपणे उचलली, की तिनं बांधायला सुतळी काढून दिली.

चैत्रातली बारी वरश्याला संध्याकाळी उन्हं कलता कलता सुरू झाली. निम्म्या नाचणाऱ्यांची रात्रपाळी होती. उशीर केला असता तर शक्तीवाल्यांचे पाय कंपनीत आणि चाळ देवळात राहिले असते. नूतन बायकांच्या बाजूला बसली. शेजारी गिरजाबाई बसली होती. तिनं नूतनला निरखलं आणि विचारलं, "तूच काय गो ती शेंगा खानारी?" नूतननं कबूल केलं. गिरजाबाई म्हणाली, त्या शेंगा तिच्या परसातल्या होत्या, आणि मग दोघींची चांगली गट्टी जमली.

गुणाजी त्या दिवशी गायला तसा पुन्हा कुणी ऐकला नाही. गण गायला, वस्तादाचं नाव घेतलं, खाडी गायली, पांढऱ्या राशींवर पडलेलं ऊन गायलं. गिरजाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. मग तो जवाबावर आला: रास सरवणारा कण हाय, पण तो देवानं लपवलाय, कुणाच्या डोळ्याला दिसायचा नाय.

हैबतराव जागेवरूनच म्हणाला, "दिसत न्हाय व्हय? मंग बोट कशावर ठेवतोस, गुणाजी?"

सभा हसली. गुणाजीनं हात वर केला. "आधार," तो म्हणाला, आणि दोन नाचणाऱ्यांनी घडीची दोन टोकं धरून कागद उलगडायला सुरुवात केली. तो उलगडत गेला, देवळाच्या पायरीपासून पाराला वळसा घालून पार भेळेच्या गाडीपर्यंत. लोक उठून उभे राहिले. एवढा लांब आधार वरश्यात कुणी पाहिला नव्हता. म्हातारी माणसं वाकून पाया पडायला लागली. हैबतरावाच्या किडकिडीत चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं.

मुख्य पंच दिनानाथ होते, रोह्याचे निवृत्त पोस्टमास्तर. इंग्रजी वाचणारे वरश्याच्या पारावर तेवढे एकच. आणि आयुष्यभराची सवय अशी, की पत्र हातात आलं की आधी खाली सही कोणाची ते बघायचं. ते शांतपणे उठले, कागदाच्या कडेनं चालत भेळेच्या गाडीपाशी गेले, चष्मा लावला आणि शेवटच्या पानाची शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. मग मराठीत मोठ्यानं सांगितली.

नूतननं डोळे मिटून घेतले. गिरजाबाईनं तिचा हात धरला.

दिनानाथांनी सांगितलं, की हा आधार म्हणतो, निकाल लागलेला नाही. सबब जवाब सिद्ध नाही. गुणाजीनं सदऱ्याच्या खिशातून सायबाची लेखी हार काढून दाखवली. दिनानाथांनी तीही वाचली आणि म्हणाले, की या गृहस्थांनी आपल्या जत्रेची सुपारी घेतलेली नव्हती, त्यामुळं ते हरू शकत नाहीत. तुरेवाले नाचायला लागले होते, तेवढ्यात दिनानाथांनी हात वर करून त्यांना थांबवलं. रीत दोन्ही बाजूंनी असते. सवाल टाकणाऱ्याकडं स्वतःचा जवाब, आधारासकट, असावा लागतो. त्यांनी हैबतरावाला तो सभेपुढं ठेवायला सांगितलं.

हैबतराव मागं वळला. मागं त्याचा पुतण्या ऋत्विक बसला होता, मुंबईच्या कॉलेजात शिकणारा. सवाल त्यानंच दसऱ्याच्या आधी सुट्टीला आला तेव्हा काकाला दिला होता. जवाब मागून देतो म्हणाला होता.

"काका, याला जवाब नसतो," ऋत्विक हळूच म्हणाला, पण माइक चालू होता. "म्हणून तर विचारतात."

हैबतरावाच्या हातातला डफ त्याच्या गुडघ्यावर आला. जवाब माहीत नसताना सवाल टाकणं हे बारीत जवाब न येण्यापेक्षाही कमीपणाचं मानतात आणि त्याला शिक्षाही तीच. गुणाजी त्याच्याकडं बघत होता. सहा महिने ज्याला झोपेत शिव्या घातल्या, तो माणूस आपल्याच इतका रिकामा उभा आहे, हे बघून त्याला काय वाटलं ते कळलं नाही. पण त्यानं पुढं होऊन हैबतरावाला विचारलं, की तुझा डफ कुनाचा. हैबतराव म्हणाला, बापाचा. गुणाजी म्हणाला, माजा वस्तादाचा.

दिनानाथांनी पोस्टात असताना कधी कुणाला टपाल चुकवू दिलं नव्हतं आणि रीतही चुकवू दिली नाही. दोन्ही डफ देवळाच्या माळ्यावर गेले. गुणाजीनं आपला स्वतः चढून ठेवला, हैबतरावाचा खालून वर घेतला आणि दोन्ही एकमेकांना टेकवून उभे केले. खाली उतरला तेव्हा हैबतरावानं त्याच्यासाठी भेळ घेऊन ठेवली होती. परतीच्या एसटीत गुणाजी नूतनला म्हणाला, की एवढं झालं तरी सायब हरलाच ना. नूतन म्हणाली, हरलाच. गिरजाबाई खिडकीशी झोपली होती.

पावसाळ्यात माळ्यावरच्या उंदरांनी दोन्ही डफांचं कातडं खाल्लं. पुढच्या चैत्रात वरसेकरांनी पनवेलहून ऑर्केस्ट्रा आणला, आणि तेव्हापासून जत्रेला ऑर्केस्ट्राच येतो.